वेगाची वही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी वही पूजतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आज एका आगगाडीची अशीच वही वाचकांपुढे मांडतो.

गाडी जपानची. तोकियो आणि ओसाका ही तिथली दोन गजबजलेली शहरे. देशातल्या आगगाडीच्या उतारूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका जुन्या, अरुंद रुळांच्या मार्गावर लोटलेला. १९५५ साली रेल्वेचे अध्यक्षपद सोगो शिंजी यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांनी शिमा हिदेओ या इंजिनियरला परत नोकरीत बोलावले आणि रुंद रुळांचा, सर्वस्वी नवा मार्ग बांधायचे ठरवले. पुढचा काळ मोटारींचा आणि विमानांचा. हा मार्ग म्हणजे चीनच्या भिंतीसारखा खुळेपणा, असे टीकाकार म्हणत.

खरा खर्च सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, हे सोगो जाणून होते. त्यांनी आकडा निम्म्यावर आणला : सुमारे २०० अब्ज येन. शिवाय १९६१ साली जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्ज काढले. आता कोणतेही सरकार आले तरी काम अर्ध्यावर टाकणे कठीण! पण खर्च ३८० अब्जांवर गेला, आणि १९६३ साली सोगोंना पायउतार व्हावे लागले. पाठोपाठ शिमाही गेले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ५१५ किलोमीटरांच्या मार्गावर पहिली गाडी सुटली. त्या समारंभाचे बोलावणे दोघांनाही नव्हते.

जमेची बाजू भरघोस आहे. साडेसहा तासांचा प्रवास आधी चार तासांवर आणि वर्षभराने तीन तास दहा मिनिटांवर आला. गाडी घसरून वा टक्कर होऊन या मार्गावर एकही उतारू दगावलेला नाही. बँकेचे कर्जही १९८१ साली फिटले.

आता नावे. नागोयात रुळांलगतच्या घरांत आवाजाने आणि हादऱ्यांनी झोप उडाली. रहिवाशी १९७४ साली कोर्टात गेले. तडजोड व्हायला १९८६ उजाडले. इकडे जो तो पुढारी आपल्या मुलुखात असाच मार्ग मागू लागला. तितके उतारू सगळीकडे कुठून येणार? १९८७ साली सरकारी रेल्वेची वाटणी झाली, तेव्हा डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते. ते सगळे काही या गाड्यांचे नव्हते. पण त्यांचाही वाटा त्यात होता.

सोगोंची लबाडी पचली, कारण उतारू आधीपासून फलाटावर उभे होते. त्यावरून लबाडीचा धडा घेणे बरे नव्हे.

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या मार्गाचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. त्यासाठी ठरलेले जपानी कर्ज ५० वर्षांच्या मुदतीचे. व्याज नाममात्र, पण मुद्दल मुद्दलच. ते फेडणारे हात आज माझ्या वर्गात पाटीवर वेळ-वेगाची गणिते सोडवीत आहेत. गाडी त्यांना लाभो. पण वहीची उजवी बाजूही त्यांना आजच वाचू द्यावी.