रुईच्या आतला कापूस

खानदेशी कापसाचं बाजारातलं नाव एके काळी चांगलं नव्हतं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आपल्याकडे वळली. भाव चढले, भावाबरोबर भेसळही चढली. 1863 साली मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं बी खानदेशात आणलं, ते इथल्या आखूड वाणाला हटवण्यासाठीच. पण शेतकऱ्याला रुईचा उतारा हवा होता. मणभर कापसातून जास्त रुई देणारा जाडाभरडा रोझियम वाण पुढे शेतोशेती पसरला आणि ‘खानदेशी म्हणजे हलका’ हा शिक्का कायम झाला.

हा शिक्का अर्धवट माहितीवर मारला गेला, असं माझं ठाम मत आहे.

आमचे नाना धरणगावला ग्रेडर होते. आधी एका व्यापाऱ्याकडे, आणि 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर खरेदी केंद्रावर. गाडीत दोनतीन जागी कोपरापर्यंत हात खुपसून ते कापूस बाहेर काढत. सरकीवरून तंतू ओढत, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पुन्हा पुन्हा एकावर एक ठेवून सरळ करत आणि काळ्या कापडावर टेकवून लांबी पाहत. मग तो पुंजका कानाशी नेऊन तोडत. पिकलेला तंतू तुटताना आवाज देतो, कच्चा नुसताच सुटतो. कवडी किती, पत्ती किती, ओल किती हे डोळा आणि तळहात सांगे. नानांच्या तोंडून प्रत बाहेर पडली की त्या शेतकऱ्याचं वर्ष ठरे, म्हणून गाडीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही हा त्यांचा नेम होता.

लांबी बोटाला कळते, पिकलेपण कानाला. तंतूच्या आत काय घडलं म्हणून तो पिकला, हे मात्र बोटाला कळायला मार्ग नाही.

ते शोधण्याचं काम माटुंग्याला चाललं होतं. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने 1924 साली तिथे तंत्र-प्रयोगशाळा काढली. पहिले संचालक टर्नर. त्यांच्यामागून आलेले नझीर अहमद केंब्रिजला रुदरफोर्डच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे अणूच्या अंतरंगात डोकावून मग कापसाकडे वळलेले. देशभरच्या नव्या वाणांची रुई तिथे थोडी थोडी कातून पाहत. जरीला, विरनार ही नावं खानदेशातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना अजून आठवतात. ती याच काळातली.

कापसाचा तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यावर साधारण तीन आठवडे ती फक्त लांब होते. नंतरचे तीनचार आठवडे आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढतात, रोजचा एक. हे दैनिक वेढे लॉरेन्स बॉल्स यांनी तंतू फुगवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली 1919 सालीच दाखवले होते. पण थर कशाचा विणलेला आहे, हे प्रकाशाला दिसत नाही. दोनशे नॅनोमीटरच्या खालचं सगळं त्याला धुरकट.

1931 साली बर्लिनमध्ये नॉल आणि रुस्का यांनी प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत वापरून सूक्ष्मदर्शक बांधला. एक लाख व्होल्टला त्या झोताची तरंगलांबी 0.0037 नॅनोमीटर भरते. आपल्या देशात नीरजनाथ दासगुप्ता यांनी चाळीसच्या दशकात कलकत्त्याला असं यंत्र स्वतः बांधलं. यात नमुन्याच्या आरपार झोत जावा लागतो, आणि कापसाचा तंतू पंधरा मायक्रॉन जाड. त्यामुळे एक तर राळेत बसवून त्याचे शंभर नॅनोमीटरहून पातळ काप घ्यायचे, नाही तर आम्लाने त्याचा चुरा करून तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर थेंब सुकवायचा.

मी जळगावला पदार्थविज्ञान शिकवलं. इलेक्ट्रॉनचं विवर्तन सांगताना उदाहरण नेहमी सोन्याच्या वर्खाचं असे. माटुंग्याच्या परळीकर आणि बेट्राबेट यांचा 1977 सालचा शोधनिबंध हाती आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण तिथे वर्खाच्या जागी कापूस होता. सेल्युलोजचा किती भाग स्फटिकासारखा रचलेला आहे, हे इलेक्ट्रॉनच्या विवर्तनावरून ठरवण्याची पद्धत त्यांनी मांडली. क्ष-किरणांना तंतूंची जुडी लागते, उत्तर येतं ते जुडीच्या सरासरीचं. इलेक्ट्रॉनला एक कण पुरतो. रचना नीट असेल तर पडद्यावर रेखीव ठिपके आणि कमानी उमटतात, विस्कळीत असेल तर फिकट वलय. शिवाय झोताच्या माऱ्याने सेल्युलोजची रचना पाहता पाहता मोडते आणि ठिपके विझतात. विझायच्या आत काचेवर छायाचित्र घ्यायचं, एवढीच मुदत.

या साऱ्या कामातून जे उभं राहिलं ते आम्हा खानदेशी माणसांना महत्त्वाचं आहे. आखूड देशी कापसाचं सेल्युलोज आणि मिसरी कापसाचं सेल्युलोज एकाच जातीच्या स्फटिकाचं. फरक पडतो तो किती थर चढले, त्यातल्या सूक्ष्म तंतुकांचा पीळ किती तिरपा आहे आणि तो कुठे कुठे उलटतो यात. थर चढतात ते पानं हिरवी आणि जमिनीत ओल असेपर्यंत. परतीचा पाऊस हुकला की लांबी तीच राहते, भिंत मात्र पातळ. म्हणजे ‘हलका’ हा शब्द गिरणीच्या बारीक सुतापुरता खरा होता. ड्रेसिंगच्या कापसाला आजही तोच जाड, आखूड देशी तंतू उत्तम समजतात.

आता गाठीबरोबर यंत्राची चिठ्ठी येते आणि व्यापारी ‘माईक किती’ विचारतात. मायक्रोनेअर मोजतं ते रुईच्या गुच्छातून हवा किती जाते ते. बारीक पण पिकलेला तंतू आणि जाड पण कच्चा तंतू यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. नानांनी तो पुंजका कानाशी नेला असता.