टोनेट यांची खुर्ची : काटकसर आणि जंगल

'शाश्वत विकास' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. परंतु तिच्यामागील काही तत्त्वे व्यावसायिक फर्निचरच्या निर्मितीत त्यापूर्वीच आढळतात. मिखाएल टोनेट (१७९६-१८७१) यांची १८५९ मधील 'क्रमांक १४' ही खुर्ची त्याचे ठळक उदाहरण होय. उपाहारगृहांत सर्वत्र पोहोचलेल्या या खुर्चीसाठी बीच वृक्षाच्या गोल काठ्या वाफेवर मऊ करून वाकविल्या जात. त्यामुळे वक्र भाग कोरून काढताना वाया जाणारे लाकूड वाचे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढीच तिची रचना असल्याने मोडलेला भाग बदलता येई. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. साहजिकच वाहतूकही स्वस्त होई.

तथापि या काटकसरीची प्रेरणा पर्यावरणाची नव्हे, तर खर्चाची होती. १८५७ मध्ये मोराव्हियातील कोरिचानी येथे कारखाना उभारला गेला, तो बीचच्या जंगलांमुळेच. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या तयार झाल्या. एका खुर्चीमागे लाकूड वाचले, तरी खुर्ची स्वस्त होताच मागणी वाढली आणि लाकडाची एकूण गरजही वाढली. म्हणून शाश्वततेचा विचार करताना वस्तूच्या रचनेबरोबरच उत्पादनाचे प्रमाण व वनांची पुनर्निर्मिती यांचाही हिशेब मांडणे अपरिहार्य ठरते.