स्कॉटलंडांतील फुटबॉल-स्मृतिमंडळें



महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें देवळाचा इतिहास लिहावा, अशी रीत आहे. तो इतिहास इतर लेखकांनीं ह्याच पुस्तकांत विस्तारानें दिला आहे. म्हणून आम्ही एका निराळ्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. त्याचें कारण प्रथम सांगणें प्राप्त आहे.

आमच्या धर्मग्रामांतील एका वृद्ध गृहस्थांस आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं पवित्र कम्युनियन देण्यास जात असूं. त्यांस स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डॉक्टर ज्यास डिमेन्शिया म्हणतात त्याचा, विकार जडला होता. प्रत्येक भेटींत आम्ही विचारीत असूं, "काका, मी कोण, ओळखलंत का?" ते ओशाळून मान खालीं घालीत, आणि आम्ही प्रार्थना आटोपून निघत असूं. अशीं तीन वर्षें गेलीं. एके दिवशीं नातवाचा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशीं आला. त्यांनीं तो तळव्यानें अलगद थांबविला आणि म्हणाले, "फादर, हैदराबाद पोलीस बघायला आम्ही कूपरेजला जायचो." मग शेवटची गाडी, स्टेशनापासून अंधारांतून घरापर्यंतची पायपीट, सोबतच्या मित्रांचीं नांवें, हें सारें अर्धा तास चाललें होतें. हैदराबाद पोलीस संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वेळां रोव्हर्स चषक जिंकला होता. तो काळ त्या गृहस्थांच्या ठायीं शाबूत होता. आम्ही मात्र दर महिन्यास त्यांची परीक्षा घेऊन त्यांस नापास करीत होतों.

ह्या प्रसंगानंतर आम्ही शोध केला, तेव्हां असें कळलें कीं, जें आम्हांस योगायोगानें दिसलें, तें स्कॉटलंड देशांत लोकांनीं विचारपूर्वक कार्यास लाविलें आहे.

विकाराविषयीं प्रथम दोन शब्द. १९०६ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें डॉक्टर आलोइस अल्झायमर ह्यांनीं एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूंत आढळलेले फेरफार विद्वानांपुढें मांडिले. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आज त्यांच्याच नांवानें ओळखिला जातो. मेंदूचा जो भाग नवीन आठवणी सांठवितो, तो ह्या विकारांत बहुधा आधीं क्षीण होतो. म्हणून सकाळची न्याहारी आठवत नाहीं, पण तारुण्यांतील गोष्टी दीर्घकाळ टिकतात. शिवाय दहा ते तीस वर्षांच्या वयांतील आठवणी मनुष्याच्या ठायीं एरव्हींही अधिक ठळक असतात, असें मानसशास्त्रज्ञ सांगतात.

आतां स्कॉटलंडांतील त्या वयाची आठवण कोणती? पुष्कळ पुरुषांच्या बाबतींत ती फुटबॉलची. दोन देशांमधील पहिला अधिकृत सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगोजवळ पार्टिक येथें स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांमध्यें झाला. एकही गोल झाला नाहीं. १९३७ सालीं ह्याच दोन संघांचा सामना पाहण्यास ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क मैदानावर सुमारें १ लक्ष ४९ हजार माणसें लोटलीं होतीं. गोदींतील, खाणींतील व कारखान्यांतील मजूर शनिवारीं दुपारीं काम सुटलें कीं मुलांस घेऊन मैदानाची वाट धरीत.

ह्या इतिहासाशीं आपल्या पवित्र सभेचाही संबंध आहे. आयर्लंडांतून उपासमारीमुळें आलेलीं हजारों कॅथोलिक कुटुंबें ग्लासगोच्या पूर्व भागांत दारिद्र्यांत राहत होतीं. त्यांच्या मुलांस जेवण मिळावें म्हणून ब्रदर वॉलफ्रिड ह्या मॅरिस्ट संघाच्या व्रतस्थ शिक्षकानें पुढाकार घेतला, आणि नोव्हेंबर १८८७ मध्यें सेंट मेरीज् देवळाच्या सभागृहांत सेल्टिक क्लबची स्थापना झाली. २८ मे १८८८ रोजीं त्या क्लबानें पहिला सामना रेंजर्स संघाविरुद्ध खेळून ५-२ असा जिंकला. भुकेल्या मुलांच्या ताटासाठीं सुरू झालेला हा खेळ पुढें म्हाताऱ्यांच्या मनासही अन्न पुरवील, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं येणार?

अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट बटलर ह्यांनीं १९६३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, वृद्धांनीं गतकाळ आठवणें ही निव्वळ बडबड नसून जीवनाचा आढावा घेण्याची स्वाभाविक क्रिया होय. ह्या विचारापासून आठवणींच्या मंडळांची पद्धत वाढीस लागली. २००९ च्या सुमारास अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था व हॅम्पडन पार्क येथील स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय ह्यांनीं मिळून फुटबॉल मेमरीज् नांवाचा उपक्रम आरंभिला. क्लबांचे इतिहास जपणारे हौशी लोक त्यांत स्वयंसेवक झाले.

ह्या मंडळांची रीत साधी आहे. कांहीं वृद्ध मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. जुनीं छायाचित्रें, सामन्यांच्या पुस्तिका, लोंकरी सदरे, चामड्याचा जड चेंडू हीं पुढें ठेविलीं जातात. चहा येतो. कोणासही "हा कोण? सालकोणतें?" असें विचारीत नाहींत, स्वयंसेवक स्वतःची एखादी आठवण सांगतो आणि थांबतो. उत्तर चुकलें तरी दुरुस्ती होत नाहीं. हळूहळू एखादा अबोल मनुष्य बोलूं लागतो. पुढें शिंटी, रग्बी अशा इतर खेळांचींही मंडळें निघालीं.

ह्या कथेस एक दुःखद बाजू आहे. १९६७ सालीं लिस्बन येथें युरोपियन चषक जिंकणाऱ्या सेल्टिक संघाचे कप्तान बिली मॅकनील व निर्णायक गोल करणारे स्टीव्ही चाल्मर्स ह्या दोघांसही स्मृतिभ्रंश झाला होता, आणि एप्रिल २०१९ मध्यें अवघ्या एका आठवड्याच्या अंतरानें ते दोघे निवर्तले. त्याच वर्षीं ग्लासगो विद्यापीठानें सुमारें ७,७०० माजी धंदेवाईक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदू झिजविणाऱ्या विकारांनीं होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण त्यांच्यांत इतरांहून सुमारें साडेतीन पट आढळलें. चेंडू वारंवार डोक्यानें मारणें हें त्याचें कारण असावें, असा दाट संशय आहे. म्हणून २०२० मध्यें स्कॉटलंडांत बारा वर्षांखालील मुलांस सरावांत तसें करण्यास मनाई झाली. जो खेळ आठवणी देतो, तोच कित्येकांच्या आठवणी नेतो, हें सत्य झांकून ठेवणें योग्य नव्हे.

तसेंच, आठवणींच्या मंडळांनीं रोग बरा होत नाहीं. अशा प्रयोगांचें जें साकल्यानें परीक्षण २०१८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत परिणाम पुष्कळदां अल्प व सर्वत्र सारखे नव्हेत असेंच म्हटलें आहे. मात्र कांहीं ठिकाणीं बोलणें-चालणें व जीवनाचें समाधान ह्यांत थोडी सुधारणा दिसली. औषध म्हणून नव्हे, तर सोबत म्हणून ह्या मंडळांची किंमत करावी.

आमचे ते वृद्ध गृहस्थ गेल्या पावसाळ्यांत प्रभूकडे गेले. चेंडूच्या त्या दिवसानंतर आम्हांस आठ महिने मिळाले. आम्ही कोण, हें त्यांस अखेरपर्यंत नीट उमगलें नाहीं. पण आम्ही आलों कीं ते खुर्ची पुढें ओढून बसावयास सांगत. त्यापूर्वींचीं तीन वर्षें आम्हीं दवडिलीं, हा सल मात्र राहिला आहे.

म्हणून वाचकांस एकच विनंति. ह्या स्मरणिकेंत जुन्या बँडचीं, सणांचीं व फुटबॉल संघांचीं छायाचित्रें छापिलीं आहेत. हें पुस्तक कपाटांत ठेवण्यापूर्वीं आपल्या घरच्या किंवा शेजारच्या वृद्धांपुढें उघडून ठेवा. कांहीं विचारूं नका, जवळ बसा. महोत्सव संपल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, मिस्सा झाल्यावर, सभागृहांत चहा व एक जुना चेंडू ठेवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहों. तरुणांनीं आपल्या आजोबा-आजींस हात धरून आणावें. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.