नदी, विशेषाधिकार आणि मद्य : बोर्दोच्या व्यापाराविषयी एक विचार

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात गारोन व दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या खालच्या अंगास आंबेसच्या टोकाशी एकत्र येतात, आणि तेथून त्यांचा संयुक्त प्रवाह झिरोंद या नावाने अटलांटिक महासागरास मिळतो. या जलमार्गावर आज प्रवासी नौका फिरतात. बोर्दोहून निघून कादियाक, पोय्याक, ब्लाय, लिबूर्न अशा जुन्या गावी थांबावे, द्राक्षांचे मळे पाहावे आणि तेथील मद्याची चव घ्यावी, असा या सहलींचा क्रम असतो. मद्याच्या कीर्तीचे कारण विचारले असता माती व हवामान यांकडे बोट दाखविले जाते. हे कारण खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे.

प्रथम स्थलनामांचीच साक्ष घ्यावी. पोय्याक, कादियाक, बेर्जराक या नावांच्या अंती येणारा ‘आक’ हा प्रत्यय गॉल-रोमन काळातील असून तो मूळच्या जमीनमालकाची वतनवाडी सुचवितो. लिबूर्नचे नाव मात्र इंग्रज आहे. इ. स. १२७० च्या सुमारास रॉजर द लेबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने दोर्दोन्यच्या काठी हे बंदर वसविले. फ्रेंच भूमीवर इंग्रज नाव कसे आले, याचे उत्तर राजकीय इतिहासात आहे. ११५२ मध्ये आक्वितेनची एलेओनोर हिचा विवाह आंरी प्लांताजने याच्याशी झाला. ११५४ मध्ये तो दुसरा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत बोर्दो इंग्लंडच्या राजांकडे राहिले.

या तीन शतकांत मद्याचा व्यापार अफाट वाढला. १३०८-०९ या एका वर्षात बोर्दोच्या परिसरातून एक लाखाहून अधिक पिपे निर्यात झाली. प्रत्येक पीप सुमारे ९०० लिटरांचे होते. जहाजात अशी किती पिपे मावतात, यावरून त्याचे आकारमान सांगण्याची रीत पडली, आणि या पिपाच्या नावावरूनच ‘टन’ हे माप रूढ झाले. मराठीत इंग्रजीमार्गे आलेला ‘टन’ हा शब्द मूळचा मद्याच्या पिपाचा वाचक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

परंतु नदी सर्वांस सारखी खुली नव्हती. गारोन व तिच्या उपनद्यांच्या वरच्या मुलखात काओर, गायाक, म्वासाक येथेही उत्तम मद्य होत असे, आणि त्याला समुद्राकडे जाण्यास बोर्दोखेरीज सोयीची वाट नव्हती. बोर्दोच्या नागरिकांनी राजाकडून असा विशेषाधिकार मिळविला की वरच्या मुलखाचे मद्य सेंट मार्टिनच्या सणापूर्वी, म्हणजे ११ नोव्हेंबरपूर्वी, शहरात येऊ नये. पुढे ही मर्यादा नाताळापर्यंत लांबविण्यात आली. या नियमाचा खरा भार त्या काळच्या मद्याच्या स्वरूपावरून कळतो. ते मद्य वर्षभरही नीट टिकत नसे. म्हणून नव्या मद्यासच भाव असे, आणि ते नेणारा मोठा तांडा शरद ऋतूतच निघे. वरच्या मुलखाचे मद्य घाटावर येईपर्यंत हा तांडा निघून गेलेला असे. शिवाय बोर्दोच्या घडणीचे व मापाचे पीप वापरण्यासही त्या मुलखास मनाई होती.

एप्रिल १७७६ मध्ये सोळाव्या लुईचा अर्थमंत्री त्युर्गो याने राजाज्ञा काढून मद्याची वाहतूक व विक्री मुक्त केली. पुढच्याच महिन्यात त्याला पदावरून दूर करण्यात आले. बोर्दोने या आज्ञेस निकराने विरोध केला, आणि जुन्या निर्बंधांचा पुरता शेवट १७८९ च्या क्रांतीनंतरच झाला. तोवर पाच शतकांची सवय बाजाराच्या अंगवळणी पडली होती.

या सवयीचा परिणाम १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीतही दिसतो. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावाच्या आधारे ही यादी सिद्ध केली. तीत तांबड्या मद्यांपैकी ओ-ब्रियों सोडून सर्व मळे मेदोकचे आहेत. सेंतएमिल्यों व पोमेरोल यांचा एकही मळा नाही. त्यांचे मद्य लिबूर्नच्या बंदरातून जात असे, बोर्दोच्या दलालांच्या हातून नव्हे. उलट मेदोकचा पुष्कळसा भाग सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांनी पाण्याचा निचरा करीपर्यंत दलदलीचा होता.

फ्रेंच भूगोलज्ञ रोजे दियों याने १९५९ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्समधील द्राक्षवेलीच्या इतिहासाची मांडणी करताना निसर्गापेक्षा व्यापाराचे मार्ग व मानवी श्रम यांना अधिक महत्त्व दिले. बोर्दोचे उदाहरण या मतास पोषक आहे. मात्र त्यात एक पुस्ती जोडावी लागते. येथे नुसता मार्ग पुरेसा ठरला नाही. त्या मार्गाचे दार कोणाच्या हाती होते, हेही निर्णायक ठरले. कीर्ती पावलेल्या मद्याचा इतिहास लिहिताना, ज्यांचे मद्य घाटावर अडवून ठेवले गेले त्या काओर-गायाकच्या शेतकऱ्यांचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. एरवी कायद्याने घडविलेला भेद मातीचा गुण म्हणून नोंदला जाण्याचा धोका राहतो.