खानदेशांतील धाब्याचीं घरें आणि ‘खण’

जुन्या खरेदीखतांत व वाटणीपत्रांत घराचें माप पुष्कळदां खणांनीं दिलेलें असतें. खण म्हणजे खोली असें समजून कित्येक वाचक मालकाच्या ऐपतीचा अंदाज बांधतात. तो अंदाज फसवा होय. खण म्हणजे लांकडी सांगाड्यांतील एक गाळा. एका माजघरांत असे तीन-चार गाळे सहज येतात.

धुळें, पारोळें, एरंडोल, धरणगांव या बाजूच्या जुन्या धाब्याच्या घरांत हें उघड दिसतें. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण, आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर. पाऊस बेताचा, ही माती भिजली कीं फुगून आपलीं छिद्रें आपणच बुजविते, म्हणून सपाट छपर चालतें. एवढा सारा भार खांब वाहतात. मातीची भिंत हा केवळ आडोसा. ती खचली तरी धाबें जागचें हलत नाहीं. कडी जेवढी लांब मिळेल तेवढा गाळा रुंद, म्हणून खणाचें माप सर्वत्र एक नसतें.

इंग्लंडांतील ओकच्या सांगाड्याच्या जुन्या शहरी घरांतहि भिंत म्हणजे काठ्यांच्या विणीवर लिंपलेली माती. आणि तेथेंहि घर गाळ्यांनींच मोजीत. सुतारकामांतून निघालेलें माप दोन्हीकडे दप्तरांत शिरलें.

घराचा काळ मात्र नुसत्या कोरीव कामावरून ठरवूं नये. १८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें जिल्ह्याचें ठाणें केलें, घरांसाठीं बिनभाड्याच्या जागा व तगाई दिली. पुढें १८७२ च्या पांझरेच्या पुरानें गांवाची मोठी हानि केली. साग टिकाऊ, त्यामुळें पडक्या घराचे खांब नव्यांत येतात. खांबावर निष्कारण रिकामी खाच दिसली कीं तें लांकूड दुसऱ्या घरचें समजावें. अशा ठिकाणीं नक्षी शंभर वर्षें जुनी आणि घर कालचें, असाहि प्रकार घडतो!

आतां हीं घरें मोडतात तेव्हां लांकडाचा व्यापारी तुळया सुट्या करून नेतो, आणि खतांतील ‘खण सात’ किती हातांचा हें ताडून पाहण्याचें साधन जातें. ज्यांच्या संग्रहीं अशीं खतें आहेत त्यांनीं, घर उभें असल्यास, खांबांमधील अंतरें हातांत व फुटांत मोजून खताच्या नकलेसच जोडून ठेवावीं.