बायबलपंडितांची परिषद

ख्रिस्ती धर्माच्या आद्य इतिहासांत धर्मसभा पुष्कळ गाजल्या. इ. स. 325 मध्यें सम्राट कॉन्स्टंटाइन यानें निकीया येथें बोलाविलेली सभा ही त्यांतील पहिली सार्वत्रिक सभा होय. तेथें ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीं वाद झाला, निर्णय लागला, आणि तो न मानणाऱ्या एरियसास हद्दपारी भोगावी लागली. ग्रामण्यें आणि बहिष्कार पाहिलेल्या महाराष्ट्रास ही रीत अगदींच अपरिचित वाटावयाची नाहीं. आज आम्ही ज्या परिषदेविषयीं लिहीत आहों, तिच्यांतही चर्चेचा विषय तोच धर्मग्रंथ असतो. परंतु तेथें धर्मसिद्धांतांवर मतें घेतलीं जात नाहींत, व निबंध वाचणारास पाखंडी ठरविण्याचा अधिकार कोणासच नाहीं. हा भेद सुखासुखीं पडलेला नाहीं.

1880 च्या 2 जानेवारीस न्यूयॉर्क शहरीं फिलिप शाफ यांच्या अभ्यासिकेंत आठ विद्वान जमले. शाफ जन्मानें स्विस, शिक्षणानें जर्मन, आणि ख्रिस्ती संघाच्या इतिहासाचे नामांकित लेखक. बायबलच्या इंग्रजी भाषांतराची जी संशोधित आवृत्ति त्या काळीं तयार होत होती, तिच्या अमेरिकन मंडळाचेही तेच अध्यक्ष. या बैठकींतून ‘सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर अँड एक्सेजेसिस’ ही संस्था निघाली. त्याच वर्षीं जूनमध्यें तिची पहिली सभा भरली आणि पुढच्याच वर्षापासून तिचें नियतकालिक सुरू झालें. दरवर्षीं एकत्र यावें, निबंध वाचावे, त्यांवर टीका ऐकावी, एवढाच साधा बेत होता.

काळ मात्र साधा नव्हता. जर्मनींत वेलहाउझेन यांचा इस्रायलच्या इतिहासावरील ग्रंथ 1878 सालीं प्रसिद्ध झाला होता, आणि मोशेच्या नांवावर चालणारे पांच ग्रंथ निरनिराळ्या काळच्या निरनिराळ्या हातांचे आहेत, हें मत विद्यापीठांत बळावत होतें. स्कॉटलंडांत रॉबर्टसन स्मिथ यांस ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधील अशाच लेखांपायीं 1881 सालीं अध्यापकपद गमवावें लागलें. अमेरिकेंत ही पाळी चार्ल्स ब्रिग्ज यांजवर आली. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरींत नव्या अध्यासनावर बसतांना 20 जानेवारी 1891 रोजीं त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत मोशेनें ते पांच ग्रंथ लिहिले नाहींत, यशयाच्या नांवावरील ग्रंथाचा मोठा भाग यशयाचा नव्हे, आणि बायबलमध्यें चुका आहेत, असें स्पष्ट बोलून दाखविलें. प्रेस्बिटेरियन महासभेनें त्यांची नेमणूक नामंजूर केली. सेमिनरीनें आपला प्राध्यापक सोडण्याऐवजीं 1892 सालीं महासभेशीं असलेला संबंधच सोडला! स्थानिक मंडळानें ब्रिग्ज यांस निर्दोष ठरविलें, तरी 1893 सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या महासभेनें त्यांस धर्मोपदेशकाच्या कार्यावरून निलंबित केलें. पुढें ते एपिस्कोपल पंथांत गेले. अध्यापन मात्र चालूच राहिलें.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या वर्षीं हें वादळ उठलें, त्या वर्षीं वरील विद्वत्संस्थेचे अध्यक्ष हेच ब्रिग्ज होते. आणि ब्राउन व ड्रायव्हर यांच्यासह त्यांनीं रचलेला जो हिब्रू कोश 1906 सालीं पूर्ण झाला, तो त्यांस पाखंडी मानणाऱ्यांच्या शिष्यांनाही उघडावाच लागतो. विद्येचा सूड असाच असतो, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

दरवाजा एकदम सताड उघडला असें मात्र नव्हे. 1894 सालीं ॲना एली रोड्स ही पहिली स्त्री सभासद झाली, आणि 1916 सालीं मॉरिस जॅस्ट्रो हे ज्यू पंडित अध्यक्ष झाले. परंतु अध्यक्षपदावर स्त्री बसण्यास 1987 साल उजाडावें लागलें. तो मान एलिझाबेथ श्युस्लर फिओरेन्झा यांस मिळाला. मधल्या काळांत केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठींत उतरविलें, आणि त्यांच्या निधनानंतर 1924 सालीं तें प्रसिद्ध झालें. त्या कार्यासाठीं त्यांनीं कोणत्या परिषदेची अनुज्ञा मागितली नव्हती.

परिषदेच्या कसोटीचा दुसरा प्रसंग एका शतकानंतर आला. मृत समुद्राकांठच्या गुहांत 1947 च्या सुमारास प्राचीन हस्तलिखितें सांपडूं लागलीं. चौथ्या गुहेंतील हजारों तुकडे एका लहानशा मंडळाच्या स्वाधीन झाले, आणि त्यांतील बराच भाग चाळीस वर्षें त्या मंडळींच्या व त्यांच्या शिष्यांच्याच हातीं राहिला. मंडळानें स्वतःच्या सोयीसाठीं त्यांतील शब्दांची सूचि केली होती. कोणता शब्द कोठें, कोणत्या शब्दांशेजारीं येतो याची ती नोंद. सिन्सिनाटी येथील बेन झिऑन वाखोल्डर यांनीं व त्यांचे शिष्य मार्टिन अबेग यांनीं ही सूचि घेतली, संगणकाच्या साहाय्यानें शब्दाला शब्द जोडला, आणि मूळ तुकडे न पाहतां मूळ मजकूर उभा केला! वाखोल्डर यांची दृष्टि तोंवर बहुतेक गेली होती. तें पुस्तक सप्टेंबर 1991 मध्यें बाहेर पडलें. त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन ग्रंथालयानें आपल्याजवळील छायाचित्रें सर्वांस खुलीं केलीं. नोव्हेंबरांत कॅन्सस सिटी येथें परिषद भरली, तेव्हां प्राचीन लेख ज्यांच्या ताब्यांत असतील त्यांनीं ते, निदान त्यांच्या प्रतिकृति, सर्व अभ्यासकांस पाहूं द्याव्या, असें धोरण संस्थेनें जाहीर केलें. दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडणारे राजवाडे असते, तर त्यांनीं या ठरावावर आनंदानें सही केली असती. मात्र इतका उशीर कां, हेंही विचारल्यावांचून ते राहिले नसते.

अलीकडच्या एका घरगुती तंट्याचा उल्लेखही केला पाहिजे. 1909 सालीं बायबल शिकविणाऱ्या अध्यापकांची एक वेगळी संस्था निघाली होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘नाबी’ हा शब्द होई, आणि हिब्रूंत त्याचा अर्थ संदेष्टा. 1963 सालीं तिनें ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन’ हें नांव घेतलें, आणि हिंदु, बौद्ध, इस्लाम या धर्मांचा अभ्यास तिच्यांत वाढत गेला. दोन्ही संस्थांचीं अधिवेशनें पुष्कळ वर्षें एकाच वेळीं, एकाच शहरीं भरत. पुढें अकॅडमीस स्वतंत्र बिऱ्हाड करावेंसें वाटलें, आणि 2008 पासून चुली वेगळ्या झाल्या. 2010 सालीं तर दोघींनींही अटलांटा हेंच शहर निवडलें, पण तीन आठवड्यांच्या अंतरानें. बायबल आणि इतर धर्म हे दोन्ही विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकानें प्रवासखर्च दोनदां कोठून आणावा, हा प्रश्न तेव्हां उघड झाला. 2011 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें दोन्ही संस्था पुन्हा एकाच वेळीं भरल्या.