खारवलेल्या माशाने उघडलेले दार

आइसलंडची राजधानी रेक्याविक. शनिवारी रात्री तेथील मद्यगृहांत गाणेबजावणे पहाटेपर्यंत रंगते. मी शाळेत भूगोल शिकवतो. पण या गावाची खरी मौज मला क्रमिक पुस्तकात नव्हे, इतिहासात सापडली.

१९०८ साली तेथे दारूबंदीवर कौल घेतला. मते फक्त पुरुषांची, आणि तरीही जिंकली बंदीच! "बायकांना कोणी विचारलेच नाही?" आमच्या सौभाग्यवतींनी हटकले. नाही. संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना १९१५ साली मिळाला, तोही चाळिशी उलटलेल्यांनाच. त्याच वर्षी गाव कोरडे झाले.

पुढे स्पेन अडून बसला. आमची वाइन घेत नसाल, तर तुमचा खारवलेला मासा आम्ही का घ्यावा? मासळीवर जगणारा देश तो. १९२२ मध्ये वाइनला दार उघडावेच लागले. १९३५ मध्ये कडक दारूही आत आली. बिअरला मात्र मज्जाव! ती स्वस्त, तिने पोरे बिघडतील, असा युक्तिवाद. हे तर्कशास्त्र मला तरी उलगडलेले नाही.

१९८३ मध्ये 'गॉइकुर आउ स्टॉइंग' हे मद्यगृह निघाले. बिअर नाही, तर फिक्या, परवानगीच्या बिअरमध्ये कडक दारू मिसळून लोक तिची नक्कल पीत. पुढे वाद्यवृंदांसाठीही ते नावाजले. १९८५ मध्ये सरकारने ती नक्कलही बंद केली. अखेर १ मार्च १९८९ रोजी खरी बिअर आली. रेक्याविकमध्ये तो दिवस अजून पाळतात.